तबल्याला कोण?

नोव्हेंबर १९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तीनेक मिनिटांत सगळं आटोपून ती शेवटी इंग्रजीत आपलं नाव ठसक्यात सांगते. त्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. मेणावरची मूळ मुद्रणं तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायची आणि कोण गातंय हे तिथल्या कारागिरांना कळायला दुसरा मार्ग नव्हता. गाणारीने स्वतःच सांगून टाकायचं, म्हणजे लेबल चुकणार नाही.

आज फोनवरच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये भीमसेन जोशींचा शुद्ध कल्याण लावून पाहा. मावळत्या सूर्याचं किंवा समईचं चित्र दिसेल, खाली रागाचं नाव आणि पंडितजींचं नाव. मुद्रण कधीचं, मैफलीतलं की स्टुडिओतलं, पेटीवर आप्पा जळगावकर आहेत की पुरुषोत्तम वालावलकर, तबल्याला कोण, मागे तंबोऱ्यावर आवाज देणारा शिष्य कोण, यातलं बहुधा काही मिळणार नाही. तेच मुद्रण चार वेगवेगळ्या चित्रांखाली चारदा मात्र मिळेल. एकशे वीस वर्षांत ध्वनीची प्रत कुठल्या कुठे गेली आणि माहिती तेवढी गौहरजानच्याही मागे पडली.

शास्त्रीय संगीताची नवी आणि पुन्हा काढलेली ध्वनिमुद्रणं हा पूर्वी पुण्या-मुंबईच्या दर्दी लोकांचा विषय होता. आता तो के. आर. पुरमसारख्या ठिकाणी जास्त निकडीचा आहे. बेंगळुरूच्या या पूर्व टोकाला पुणे, सोलापूर, बेळगाव, नागपूर सोडून आलेली मराठी माणसं पुष्कळ. नोकरी व्हाइटफील्डला, घर के. आर. पुरम नाहीतर राममूर्ती नगरात. शहरात गाणं कमी होत नाही. चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीराम सेवा मंडळीचा रामनवमी उत्सव असतो, मल्लेश्वरम-जयनगरकडे हिंदुस्तानी मैफलीही होतात. पण तिकडे संध्याकाळी साडेसहाला पोचायचं, तर टिन फॅक्टरीचा चौक ओलांडेपर्यंतच विलंबित आटोपलेला असतो. ९ ऑक्टोबर २०२३ला बैयप्पनहळ्ळी आणि के. आर. पुरममधला मेट्रोचा तुटलेला दुवा जोडला गेला तेव्हापासून जरा सुसह्य आहे, इतकंच. थोडक्यात, इथल्या मराठी माणसाचं बरंचसं ऐकणं ध्वनिमुद्रणावर चालतं. म्हणूनच ती मुद्रणं कशी निघतात याची चौकशी त्याने करायला हवी.

माझं म्हणणं सरळ आहे. मुद्रणांचा तुटवडा संपला, संपादनाचा तुटवडा सुरू झाला. पुनर्प्रकाशन म्हणजे जुनी टेप नव्या डब्यात भरणं नव्हे. ती कुठून आली, कोणत्या गतीने वाजवली, काय काढलं, काय ठेवलं आणि साथीला कोण होतं हे सांगितल्याशिवाय ते काम अर्धवटच राहतं. पुढच्या शिफारशी याच निकषावर केल्या आहेत. त्यामुळे काही मोठी नावं राहतील आणि काही लहान प्रकाशक पुढे येतील.

इथल्या शेजारघरातच आपल्याला लाजवणारं उदाहरण आहे. कर्नाटक संगीताची जुनी कॅसेट काढून पाहा. गायकाच्या नावाखाली व्हायोलिन, मृदंगम, घटम, ज्याचं त्याचं नाव बहुतेक छापलेलं असतं. कच्चेरी ही चौघांची असते हे तिथे गृहीत आहे. आपल्याकडे मैफलीत बुवा तबलजीची ओळख टाळ्या मागून करून देतात, आणि रेकॉर्ड निघाली की तोच तबलजी अनामिक होतो.

साथीदाराचं नाव हा शिष्टाचाराचाच प्रश्न असता, तर सोडून दिला असता. पण कुमार गंधर्वांचं एखादं मुद्रण घ्या, वसंतराव आचरेकर साथीला असलेलं. आचरेकरांचा ठेका भरगच्च नाही. तो स्वच्छ, मोकळा आणि घड्याळासारखा नेमका आहे. दोन मात्रांमधली जागा ते मोकळी ठेवतात आणि कुमारांचे ते छोटे, तुटक, अचानक उसळणारे स्वरसमूह त्या जागेत पडतात. क्षयाच्या आजारानंतर कुमारांना दीर्घ दमसास परवडत नव्हता, त्यातून त्यांनी आपली गायकी नव्याने घडवली, हे सगळे सांगतात. पण त्या गायकीला आवश्यक असलेली जमीन कोणी धरून ठेवली, हे मुद्रणावर नाव असल्याशिवाय नव्या श्रोत्याला कळणार कसं? २०२३-२४मध्ये कुमारांची जन्मशताब्दी झाली. ८ एप्रिल १९२४ला बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला हा माणूस देवासला जाऊन राहिला. त्यांच्या मुद्रणांपैकी ‘गीतवर्षा’ आणि ‘त्रिवेणी’ घरात असावीतच. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ नाट्यसंगीताच्या प्रेमातून ऐकायला बसाल तर गोंधळाल. नाट्यगीत ख्यालाच्या नजरेने कसं वाचायचं याचा तो पाठ आहे. त्यांनी लहानपणी दिलेल्या ७८च्या तबकड्या मिळाल्या तर त्याही लावा. दहा-अकरा वर्षांचा मुलगा थोरामोठ्यांची हुबेहूब गायकी उतरवतो आहे. पुढे त्याने त्यातलं किती फेकून दिलं, हे त्यावरूनच कळतं.

आता ७८च्या तबकड्यांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावत. लेबलवर गती मिनिटाला ७८ फेरे छापलेली असली, तरी १९२५च्या आधीच्या, भोंग्यात गाऊन केलेल्या यांत्रिक मुद्रणांच्या वेळी यंत्र नेमकं त्याच गतीने फिरत होतं असं नाही. कधी ७४, कधी ८०. आजचा संपादक ७४ची तबकडी डोळे मिटून ७८ला वाजवतो, आणि काळी एकचा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो. लय वाढते, आवाज पातळ होतो, तान उगाच विजेसारखी वाटते. मग आपण म्हणतो, काय तयारी होती जुन्या लोकांची! तयारी होतीच, पण त्यातली थोडी मोटारीची होती.

दुसरा उपद्व्याप खरखर काढण्याचा. सॉफ्टवेअरला खरखर आणि ‘स’काराचा घर्षणध्वनी यांतला फरक नीट कळत नाही. तंबोऱ्याची जवारी, आवाजाची वरची कड, श्वास घेतानाचा हलका आवाज हे सगळं त्या सफाईत जातं आणि गाणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं. थोडी खरखर कान पाच मिनिटांत विसरतो. कापून टाकलेला आवाज परत येत नाही. म्हणून ‘डिजिटली रिमास्टर्ड’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं दिसलं की मी आधी सावध होतो.

या कसोटीवर पाहिलं, तर आपल्या शहरातल्या एका उपक्रमाची नोंद घ्यावी लागते. विक्रम संपत यांनी गौहरजानचं चरित्र लिहिताना हाती आलेल्या तबकड्यांच्या निमित्ताने बेंगळुरूत ‘आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक’ सुरू केलं. जुन्या तबकड्यांचं डिजिटल रूप करून ते कुणालाही फुकट ऐकता यावं म्हणून इंटरनेटवर ठेवलं. मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या मित्रमंडळींनी १९९०मध्ये ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ उभी केली. तबकड्यांचे क्रमांक, साल, लेबल यांच्या नोंदी नोकरी सांभाळून, पदरमोड करून ठेवल्या. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी १८९९ ते १९०८ या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची सूची पुस्तकरूपात दिली. म्हणजे हे काम अशक्य नाही. हौशी लोक ते करू शकतात, तर मूळ टेप ज्यांच्या कपाटात आहेत त्यांनी का करू नये?

या काळातलं काय ऐकावं? अब्दुल करीम खाँ पहिले. १९३०च्या दशकातली त्यांची विद्युत मुद्रणं बऱ्या स्थितीत मिळतात. झिंझोटीतली ठुमरी सगळ्यांना ठाऊक आहे, पण बेंगळुरूत राहणाऱ्याने त्यांनी मुद्रित केलेली त्यागराजांची खरहरप्रियातली कृती आणि सावेरीतली सरगम आवर्जून ऐकावी. मिरजेत घर केलेल्या, म्हैसूर दरबारात मान मिळवलेल्या या किराण्याच्या गवयाने दक्षिणेकडून नुसत्या बिदाग्या आणल्या नाहीत. सरगम गाण्याची त्यांची ओढ इकडच्या कल्पनास्वरांशी जाऊन भिडते. शेजारचे तमिळ आजोबा ते ऐकून उच्चारावर हसतील, हेही खरं आहे. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ यांचं मात्र काहीच ऐकायला मिळत नाही. एकाची तबकडी नाही आणि दुसऱ्याने ती दिलीच नाही. जयपूर-अत्रौली घराण्याच्या मूळ पुरुषाचा आवाज आपल्याला केसरबाई, मोगूबाई आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावरूनच अदमासावा लागतो.

केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीत गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ही गोष्ट प्रत्येक लेखात येते, इथेही आली. पण भैरवीवर थांबू नका. तीन मिनिटांच्या ख्यालाच्या तबकड्या ऐका. एका दमात स्थायी-अंतरा, मग लयीला चिकटून जाणारी, कुठेही न तुटणारी तान. तीन मिनिटांत राग मावत नाही, तेव्हा त्यातलं काय निवडायचं याचा निर्णय गायिकेने मायक्रोफोनसमोर येण्याआधीच केलेला आहे.

हे महत्त्वाचं, कारण तीन मिनिटांचं गाणं आता पुन्हा आलं आहे. इन्स्टाग्रामवर प्रत्येक तरुण गायकाचा तुकडा फिरतो, मिनिटभराचा, फार तर दीडचा. लोक म्हणतात, बघा, ७८चा काळ परतला. मला ते पटत नाही. हिराबाई बडोदेकर, मास्तर कृष्णराव, नारायणराव व्यास यांची तीन मिनिटं म्हणजे बांधलेली वस्तू होती. तिला सुरुवात होती, शेवट होता, दोन्हींच्या मध्ये वाढ होती. रील हा तासाभराच्या मैफलीतून टाळ्यांच्या जागेवर कापलेला तुकडा. कात्री लावणारा गायक नाही आणि तुकड्याला स्वतःचं तोंड-शेपूट नाही.

गंगूबाई हनगल यांच्या बाबतीत जुन्या-नव्याची जोडी लावून ऐकण्यात वेगळाच धडा आहे. १९३०च्या दशकात ‘गांधारी’ या नावाने त्यांच्या तबकड्या निघाल्या. आवाज पातळ, उंच, चढा. पुढे घशाच्या आजारानंतर आवाज खाली उतरला आणि तो भारदस्त, जवळजवळ पुरुषी खर्ज आला, ज्यावर आपण गंगूबाई ओळखतो. ही दोन मुद्रणं एका पाठोपाठ लावली तर माणूस एकच आहे यावर विश्वास बसत नाही. पण नीट ऐकलं की स्वरावर जाऊन टेकण्याची ढब, सवाई गंधर्वांकडून आलेली ती संथ चिकाटी, दोन्हीकडे सारखी आहे. अशी जोडी एका संचात, सालासह देणं हेच संपादकाचं काम. संच निघतात, पण त्यात गांधारी एका संग्रहात आणि गंगूबाई दुसऱ्याच.

एलपीच्या काळात एका बाजूला वीसेक मिनिटं आली आणि ख्यालाला श्वास घ्यायला जागा मिळाली. त्या जागेचं काय करायचं, हे एचएमव्हीच्या मुंबई शाखेत जी. एन. जोशी यांना कळलं होतं. मुळात भावगीत गायक असलेला हा माणूस पुढे कंपनीचा मुद्रण अधिकारी झाला आणि मोठमोठ्या, लहरी, संशयी कलावंतांना त्याने गोडीगुलाबीने स्टुडिओत आणलं. त्या आठवणी त्यांच्या ‘स्वरगंगेच्या तीरी’मध्ये आहेत. पुस्तक मिळालं तर सोडू नका. अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची १९६०मधली एलपी हा त्या काळाचा कळस. मारव्यात षड्ज टाळत राहायचं, कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर रेंगाळायचं, ऐकणाऱ्याला घर दिसतंय पण दार उघडत नाही अशा अवस्थेत ठेवायचं. हे तीन मिनिटांत करता येत नाही, आणि अमीर खाँ वीस मिनिटांतही घाई करत नाहीत. षड्ज येतो तेव्हा खोलीतला उजेड बदलतो. ही एक रेकॉर्ड घ्यायची तर जुन्या काळ्या तबकडीवरून केलेली प्रत शोधा. गुळगुळीत केलेल्या आवृत्त्यांत तंबोऱ्यांचा तो दाट पडदा विरळ झालेला जाणवतो.

किशोरी आमोणकरांच्या भूप-बागेश्रीच्या एलपीबद्दल नव्याने काय सांगावं? ती सगळ्यांकडे आहे, असावी. माझी तक्रार एवढीच की किशोरीताई म्हणजे ही एक एलपी, असं एका पिढीचं समीकरण झालं. तो भूप घडीव, नितळ आणि वीस मिनिटांत बेतलेला आहे. मैफलीतल्या किशोरीताई अस्वस्थ, शोधत राहणाऱ्या, कधी स्वतःवरच चिडलेल्या असत. त्या पाहायच्या तर दीर्घ मैफलींची मुद्रणं ऐकावीत. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची तबकडी आता भारी कागदाच्या वेष्टनात पुन्हा विकली जाते. १९६७ची ती कल्पना गोड होती, शिवकुमार, हरिप्रसाद आणि ब्रिजभूषण काबरा तिघे उमेदीत होते. पण एलपी परत घेणाऱ्याच्या दिवाणखान्यात शोभेला पहिली तीच का येते, हे मला कळत नाही. ती भेट द्यायला बरी. ऐकायला त्याच पैशात मन्सूर येतात.

आणि मन्सूर आले की आकाशवाणी आलीच. धारवाड केंद्राशी त्यांचं नातं जुनं, तिथे ते संगीत सल्लागारही होते. आकाशवाणीने ‘आकाशवाणी संगीत’ या नावाने आपल्या संग्रहातल्या काही सीडी काढल्या, त्यात मन्सूर मिळाले तर दोन हातांनी घ्यावेत. पुण्यात सुरेश अलूरकरांच्या अलूरकर म्युझिक हाऊसने कॅसेटच्या काळात मन्सूर, बसवराज राजगुरू, गजाननबुवा जोशी यांच्यासारख्यांची जी मुद्रणं काढली, ती धंद्याच्या हिशेबाने वेडेपणाच होती. शिवमत भैरव, खट, लच्छासाख असल्या रागांच्या कॅसेटला गिऱ्हाईक किती असणार! पण आज जयपूर गायकी शिकणारा विद्यार्थी त्याच मुद्रणांकडे जातो. मन्सूरांच्या मैफलीतल्या मुद्रणात एक गोष्ट कान देऊन ऐका. राग सुरू झाला की ते प्रस्तावना करत नाहीत, सरळ बंदिशीच्या तोंडाशी उभे राहतात. मागून मुलगा राजशेखर आवाज देतो, आणि बुवा त्याचा स्वर पुरा होण्याआधीच त्याच्या पुढे एक पाऊल टाकतात. स्टुडिओत हे होत नाही, कारण स्टुडिओत ऐकायला कुणी समोर बसलेलं नसतं.

रेडिओने आपल्याला वाचवलं आहे, हे कबूल केलं पाहिजे. द. वि. पलुसकर १९५५मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. एलपीचा जमाना यायचाच होता. त्यांचं लांब पल्ल्याचं जे गाणं आज हाती लागतं, त्यात रेडिओच्या मुद्रणांचा वाटा मोठा आहे. रेडिओचे संस्कारही चांगले. निवेदिका कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर तबला, पेटी, सारंगी कुणाची हे न चुकता सांगते. २६ जानेवारी २०१६पासून आकाशवाणीची ‘रागम’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी बेंगळुरूतूनच चालते. मोबाइलवर फुकट, हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही. के. आर. पुरममधल्या किती मराठी घरांना हे माहीत आहे? लोक हजारो रुपये देऊन जुन्या गाण्यांचा रेडिओसारखा दिसणारा डबा आईवडिलांना घेतात आणि खरा रेडिओ खिशात असतो.

परदेशात काय चाललंय तेही पाहावं. न्यूयॉर्कच्या राग रेकॉर्ड्सने निखिल बॅनर्जींच्या मैफली काढल्या, लंडनच्या नवरसने मैफलीतलीच मुद्रणं छापली, ही जरा जुनी गोष्ट. अलीकडे ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅक ट्रफल या छोट्या प्रकाशकाने थोरल्या डागर बंधूंचं, मोइनुद्दीन आणि अमिनुद्दीन यांचं, बर्लिनमधलं १९६४चं मुद्रण काढलं. त्यांनीच पुण्याच्या उदय भवाळकरांचा यमन तबकडीवर आणला. आयडिओलॉजिक ऑर्गन या दुसऱ्या प्रकाशकाने झिया मोहिउद्दीन डागर यांची सिअ‍ॅटलमधली १९८६ची रुद्रवीणा दिली. या लोकांचा मूळ धंदा पाश्चात्त्य प्रयोगशील संगीताचा. आपल्या ध्रुपदात त्यांना संथपणा आणि नाद सापडला, आणि त्यामुळे ते ख्यालाकडे, ठुमरीकडे फिरकत नाहीत, ही त्यांची मर्यादा. पण मुद्रण कुठे झालं, कधी झालं, पखवाजावर कोण, हे ते छापतात. झियाउद्दीन की झिया मोहिउद्दीन असा घोटाळा करत नाहीत.

आपल्याकडे कंपन्यांना एक सबब पुढे करता येत असे, हक्कांची. तीही आता गळत चालली आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६५मध्ये प्रसिद्ध झालेली तबकडी १ जानेवारी २०२६ला मोकळी झाली. बंदिशकाराचा हक्क वेगळा मोजावा लागतो, ते सोडा. म्हणजे ७८चा जवळजवळ सगळा काळ आणि सुरुवातीच्या एलपी आता कुणीही काढू शकतो. माझा अंदाज आहे की याने पूर येईल, आणि पुरात गाळच जास्त असतो. जुनी एलपी फोनवर वाजवून चढवायची, वर समईचं चित्र लावायचं, झालं पुनर्प्रकाशन. चांगला संपादक असेल तर हीच संधी आहे. अब्दुल करीम खाँ, सुरेशबाबू माने, वझेबुवा यांचे गती तपासलेले, सालवार, टिपांसह संच काढायला आता कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

नव्या मुद्रणांबद्दल मला उत्साहाने लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. स्टुडिओत बसून केलेला नवा ख्यालाचा अल्बम दुर्मीळ झाला आहे, आणि जो निघतो त्यात इलेक्ट्रॉनिक तंबोरा, तबल्याला नको तेवढा खर्ज, आवाजाला देवळातल्यासारखा घुमारा. शिवाय स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकल्याची नोंद होते. पन्नास मिनिटांचा बडा ख्याल आणि तीन मिनिटांचं सिनेगीत हिशेबाला सारखंच. मग आलाप वेगळा, विलंबित वेगळा, द्रुत वेगळा असे तुकडे पडतात, आणि मधल्या शांततेत जाहिरात घुसते.

चांगलं नवं गाणं मैफलींच्या चित्रफितींत आहे. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पुट्टराज गवईंकडे शिकलेले धारवाडचे एम. व्यंकटेश कुमार महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत पोचले ते मुख्यतः अशाच फितींमुळे. उल्हास कशाळकरांचा ग्वाल्हेर-जयपूर-आग्रा असा तिहेरी हिशेब समोरासमोर बसून पाहण्यातच मजा आहे. तीन घराण्यांचा सांधा कुठे येतो हे त्यांच्या चेहऱ्यावर आधी दिसतं, मग ऐकू येतं. हैदराबादच्या मालिनी राजूरकर सप्टेंबर २०२३मध्ये गेल्या. प्रसिद्धीपासून चार हात दूर राहिलेल्या या बाईंचा टप्पा आज ज्या तरुणांना पाठ आहे, त्यांतल्या बहुतेकांनी तो कुणीतरी मैफलीत टिपलेल्या मुद्रणावरूनच ऐकला. इंग्लंडच्या दरबार महोत्सवाच्या फिती प्रकाश, ध्वनी, श्रेयनामावली अशा सगळ्या बाबतींत नीट असतात. थोड्या जास्तच चकचकीत, पण तबलजीचं नाव शीर्षकातच असतं. आणि शुभा मुद्गल व अनीश प्रधान यांनी २००३मध्ये सुरू केलेल्या अंडरस्कोर रेकॉर्ड्सने कलावंताला त्याच्या मुद्रणाचा मालक ठेवण्याचा जो पायंडा पाडला, त्याचं मोल त्यांच्या विक्रीवरून ठरवू नये.

मोठे संग्रह अजून दाराआड आहेत. मुंबईचं एनसीपीए, कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी, गुरुग्रामचं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं केंद्र, सत्यशील देशपांडे यांचं संवाद फाउंडेशन. या ठिकाणी हजारो तास आहेत आणि अभ्यासकाला तिथे जाऊन बसावं लागतं. ते उघडतील तेव्हा उघडतील. पण एक संग्रह तुमच्या हातात आहे. बेळगाव, धारवाड, मिरज, कोल्हापूर, सांगलीच्या घरांतून इकडे आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांच्या माळ्यावर वडिलांनी किंवा काकांनी घरगुती बैठकीत, गणेशोत्सवात, संगीत मंडळाच्या कार्यक्रमात टिपलेल्या कॅसेट पडून आहेत. चिठ्ठीवर पेन्सिलीने ‘यमन, बुवा’ एवढंच लिहिलेलं. वडील आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून विचारा: कोणतं साल, कोणाच्या घरी, पेटीला कोण, कोण कोण ऐकायला होतं. तेवढं कागदावर उतरवा. कॅसेटला बुरशी असेल तर वाजवण्याआधी जाणकाराला दाखवा, नाहीतर टेप तुटेल आणि डेकचं हेडही जाईल. हेड साफ आणि सरळ केलेल्या चांगल्या डेकवरून न दाबलेल्या फाइलमध्ये प्रत करा, खरखर काढायच्या भानगडीत पडू नका, आणि एक प्रत वर सांगितलेल्यांपैकी कुठल्या तरी संग्रहाला द्या. डेक दुरुस्त करणारी माणसं शहरात अजून आहेत, पण त्यांचीही वयं झाली. निदान यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत तो कॅसेटचा डबा भंगारवाल्याला देऊ नका.